ती नाव आणि ते नाव



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या स्मृतीला प्रथम वंदन करतो. या व्यासपीठावर साहित्य, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याचा माझा अधिकार नाही, आणि मी निवडलेला विषयही त्यांच्या विषयांइतका भारदस्त नाही. लहान होड्या बांधणारे कारखाने, त्या विकणारे दुकानदार आणि कारखान्याचा मालक बदलला म्हणजे या दोघांचे काय होते, एवढाच तो विषय आहे. तो वरवर किरकोळ वाटेल. पण आपण सारे मांडवी-जुवारीच्या काठची माणसे आहोत. होडी कोणाच्या हातची आहे, हे तपासून मगच तिच्यात पाय ठेवण्याची आपली रीत आहे.

मराठीत या विषयाची किल्ली एकाच शब्दात सापडते. पाण्यावर चालते ती नाव आणि माणसाला वा वस्तूला ओळख देते ते नाव. जुन्या शुद्धलेखनात दुसऱ्या शब्दावर अनुस्वार असे, त्यामुळे लिहिताना तरी घोटाळा होत नसे. तो अनुस्वार गेला आणि दोन्ही शब्द सारखेच दिसू लागले. व्यापाराच्या जगात नेमके हेच घडते. ग्राहक ते नाव पाहून ती नाव विकत घेतो आणि दोन्ही एकच आहेत असे समजतो. कारखाना विकला जातो तेव्हा मात्र दोहोंची वाट वेगळी होऊ शकते. नाव एकीकडे जाते, साचे दुसरीकडे जातात, कारागीर तिसरीकडे जातात. आणि ग्राहकाला दिलेला शब्द कधीकधी कोणाकडेच जात नाही. या शेवटच्या गोष्टीविषयी मला आज विशेष बोलावयाचे आहे.

उदाहरणे मी प्रामुख्याने अमेरिकेतील घेणार आहे. हौसेसाठी, मासेमारीसाठी आणि शर्यतीसाठी लहान होड्या बांधण्याचा धंदा तेथे फार मोठ्या प्रमाणावर वाढला आणि त्यातील खरेदी-विक्रीचा इतिहास नोंदलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याचे रूप पालटले. त्यापूर्वी होडी लाकडाची असे आणि प्रत्येक होडीवर सुताराचा हात फिरत असे. फायबरग्लास आले आणि कारखान्याचे सर्वस्व साच्यात जाऊन बसले. आधी होडीची हुबेहूब प्रतिकृती करायची, तिच्यावरून साचा काढायचा, साच्यात रंगाचा चकचकीत थर द्यायचा, त्यावर काचतंतूंचे कापड राळेत भिजवून थरावर थर चढवायचे आणि सुकल्यावर होडी बाहेर काढायची. एका साच्यातून एकसारख्या पुष्कळ होड्या निघतात. साचा मालमोटारीवर चढवता येतो. म्हणजेच तो विकताही येतो. सुताराचा हात असा मालमोटारीवर चढवता येत नसे. कारखाने एका धन्याकडून दुसऱ्याकडे इतक्या सहज जाऊ लागले, त्याचे एक कारण या साच्यात आहे.

आता विक्रेत्याकडे वळू. त्याला तेथे ‘डीलर’ म्हणतात; आपणही तोच शब्द वापरतो. हा बहुधा एखाद्या तलावाकाठच्या किंवा खाडीकाठच्या गावातला कुटुंबाचा धंदा असतो. पुढे दुकान, मागे दुरुस्तीची शेड, बाजूला हिवाळ्यात होड्या झाकून ठेवण्याची जागा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत विक्री होते, माल मात्र आधीच भरून ठेवावा लागतो. इतक्या मालाचे पैसे त्याच्याजवळ नसतात. म्हणून वित्तसंस्था कारखान्याला परस्पर पैसे देते आणि होडी डीलरच्या अंगणात येऊन उभी राहते. ती विकली गेली की त्याने कर्ज फेडायचे. नाही विकली गेली तर व्याज वाढत जाते. या कर्जाला डीलरची स्वतःची हमी असते, आणि पुष्कळदा त्या हमीमागे त्याचे राहते घर असते. डीलर बुडाला तर पडून राहिलेल्या होड्या कारखान्याने परत घ्याव्यात, असा करार वित्तसंस्था कारखान्याशी करून घेते. थोडक्यात, कारखाना, सावकार आणि डीलर हे तिघे एका दोरीने बांधलेले असतात. वारा चांगला असतो तोवर ती दोरी दिसत नाही.

वॉरंटीची व्यवस्थाही अशीच आहे. हमी कारखाना देतो, पण होडीला तडा गेला वा इंजिन बंद पडले तर ग्राहक कारखान्याकडे जात नाही. तो डीलरच्या दारात येतो. डीलर दुरुस्ती करतो आणि खर्चाचे बिल कारखान्याकडे पाठवतो. म्हणजे कारखान्याचा शब्द डीलर स्वतःच्या खिशातून पाळतो आणि मागाहून त्याची भरपाई मागतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे मालक बदलण्याची बातमी ऐकून डीलरची झोप का उडते, हे कळते.

पहिले उदाहरण बॉस्टन व्हेलर या होडीचे घेऊ. मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिचर्ड फिशर यांनी नौकारचनाकार रे हंट यांच्या साहाय्याने ती तयार केली आणि १९५८ साली ती बाजारात आली. लांबी अवघी तेरा फूट. फायबरग्लासच्या दोन कवचांमध्ये फेसाळ पदार्थ भरून तो घट्ट होऊ द्यायचा, ही तिची खुबी. त्यामुळे ती पाण्याने भरली तरी बुडत नाही. १९६१ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात एक चित्रमालिका छापून आली. फिशर होडीत बसलेले आहेत, होडी करवतीने मधोमध कापली जात आहे आणि मागचा अर्धा भाग घेऊन ते इंजिन चालवत निघून जात आहेत. अशी जाहिरात ही ग्राहकाला चारचौघांत दिलेली प्रतिज्ञाच होती.

या प्रतिज्ञेचे धनी मात्र पुढे बदलत गेले. १९६९ साली फिशर यांनी कंपनी सीएमएल नावाच्या समूहाला विकली. १९८९ साली ती बूट तयार करणाऱ्या रीबॉककडे गेली. १९९३ च्या सुमारास ती मेरिडियन स्पोर्ट्सकडे आली. ही कंपनी रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीचे मालक रोनाल्ड पेरलमन यांच्या समूहातील होती. १९९६ साली ती ब्रन्सविकने घेतली. ब्रन्सविकची सुरुवात १८४५ साली बिलियर्डची टेबले करण्यापासून झाली होती, परंतु तोवर मर्क्युरी इंजिने आणि सी रे, बेलायनर या होड्या तिच्या पदरी होत्या. म्हणजे सत्तावीस वर्षांत चार हस्तांतरे झाली. त्यांतील बुटांच्या धंद्यातून आलेल्या मालकाला खाऱ्या पाण्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणालाही पडावा.

तरीही व्हेलर टिकली. हिचे गुपित त्या प्रतिज्ञेत आहे असे मला वाटते. दोन कवचांमध्ये फेस भरण्याची रीत कोणत्याही धन्याने सोडली नाही, कारण ती सोडली असती तर विकत घेतलेल्या नावात काही उरलेच नसते. हिशेबनीस मालकालाही एक गोष्ट कळत होती की, आपण साचे घेतलेले नाहीत, कापलेल्या होडीचे ते चित्र घेतले आहे. मात्र या टिकण्याची किंमत कोणीतरी मोजली, हेही सांगितले पाहिजे. उत्पादन मॅसॅच्युसेट्समधील रॉकलंडहून फ्लॉरिडातील एजवॉटर येथे नेण्यात आले. होडीच्या नावातले बॉस्टन शहर तसेच राहिले. त्या शहराच्या परिसरातील कारागिरांचे काम मात्र गेले. नाव टिकले म्हणून सारे टिकले असे म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण क्रिसक्राफ्टचे. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक येथे ख्रिस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी वाढवलेला हा उद्योग. महॉगनी लाकडाच्या, आरशासारख्या चमकणाऱ्या त्यांच्या होड्या एका काळच्या अमेरिकेचे वैभव होत्या. १९६० साली कुटुंबाने कंपनी नॅफी कॉर्पोरेशनला विकली. नव्या धन्याला ते नाव इतके आवडले की १९६२ साली त्याने स्वतःचेच नाव बदलून क्रिसक्राफ्ट इंडस्ट्रीज असे करून घेतले. पुढे गंमत अशी झाली की, हा धनी दूरचित्रवाणीच्या व्यवसायात रमला आणि १९८१ मध्ये होड्यांचा विभाग दुसऱ्याला विकून मोकळा झाला. नाव मात्र त्याने स्वतःकडे ठेवले. तेव्हापासून होडी बांधणारा एक आणि तिच्या कपाळावरील नावाचा धनी दुसरा, असा संसार सुरू झाला. होडी बांधणारे परवाना घेऊन ते नाव वापरीत. १९८१ मध्ये मरी इंडस्ट्रीज आणि १९८९ मध्ये आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन असे त्यांचे धनी बदलत गेले. अखेर २००१ साली स्टेलिकन या गुंतवणूक संस्थेने कारखाना घेतला आणि नाव वेगळे विकत घेतले. तेही रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनकडून, कारण दूरचित्रवाणीच्या त्या जुन्या कंपनीबरोबर होडीचे नावही तिकडे गेले होते. ती नाव आणि ते नाव वीस वर्षांनी पुन्हा एका घरी आले. २०१८ साली हे घर विनेबेगो या मोटारघरे बांधणाऱ्या कंपनीने घेतले.

आता ज्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनचा उल्लेख झाला तिच्याकडे वळू. डीलरांच्या दृष्टीने सर्वांत कठोर धडा तिच्या इतिहासात आहे. ओले इव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकी येथे होडीच्या मागे अडकवण्याचे इंजिन विकण्यास प्रारंभ केला. इव्हिनरूड आणि जॉन्सन ही इंजिनांची दोन्ही घरंदाज नावे पुढे या कंपनीत नांदू लागली. १९८६ साली ब्रन्सविकने बेलायनर आणि सी रे हे होड्यांचे कारखाने घेतले. होडी आणि इंजिन एकत्र विकण्याचे दिवस आले, हे ओळखून याही कंपनीने एकामागून एक होड्यांचे कारखाने विकत घेतले. पूर्वी डीलर होडी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचे अशी निवड करू शके. आता ही निवड कारखान्याच्या मालकीवरून ठरू लागली. धनी बदलला की डीलरच्या दुकानातले इंजिनही बदले.

त्यात १९९० च्या कायद्याने एक लाख डॉलरांहून अधिक किमतीच्या नौकांवर चैनीचा कर बसला. तो १९९३ मध्ये उठवला गेला, पण तोवर धंद्याला मार बसला होता. १९९७ मध्ये आउटबोर्ड मरीनची मालकी गुंतवणूकदारांच्या एका गटाकडे गेली. नव्या पद्धतीच्या इंधन-प्रक्षेपणाच्या इंजिनांत दोष निघाले, दुरुस्त्यांचा भार वाढला आणि २२ डिसेंबर २००० रोजी, नाताळच्या तोंडावर, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे सात हजार माणसांचा रोजगार संकटात आला.

डीलरच्या बाजूने या तारखेचा विचार करा. डिसेंबर म्हणजे पुढील उन्हाळ्याचा माल भरण्याचे दिवस. अंगणात उभ्या असलेल्या होड्यांवर व्याज चालू आहे. केलेल्या दुरुस्त्यांची बिले कंपनीकडे अडकली आहेत आणि न्यायालयाच्या यादीत या डीलरची जागा तारण नसलेल्या धनकोंमध्ये आहे. म्हणजे सगळ्यांचे वाटून काही उरले तर त्याला मिळणार. त्याच वेळी गेल्या उन्हाळ्यात इंजिन घेतलेला ग्राहक हमीचा कागद घेऊन दारात उभा आहे. २००१ च्या आरंभी मालमत्तेचा लिलाव झाला. इंजिने कॅनडाच्या बॉम्बार्डियरने घेतली, होड्यांचे कारखाने गेनमारने घेतले. न्यायालयाच्या देखरेखीखाली अशी मालमत्ता घेणारा जुनी देणी सहसा अंगावर घेत नाही. यंत्रे, साचे, नावे घेतो आणि आश्वासने मागे ठेवतो. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. तसे नसते तर बुडालेला कारखाना कोणीच घेतला नसता आणि उरलेसुरले रोजगारही गेले असते. पण कायद्याने जे आश्वासन मोडीत निघाले ते गावात मोडीत निघत नाही. तेथे ग्राहक डीलरला आडनावाने ओळखतो. मग कित्येक डीलरांपुढे दोनच मार्ग उरतात : पदरमोड करून इंजिन दुरुस्त करावे, किंवा पिढीजात ग्राहक गमवावा.

पुढे गेनमारवरही पाळी आली. २००८ च्या आर्थिक संकटात दुकानातील मालावर कर्ज देणाऱ्या संस्थांनी हात आखडता घेतला, डीलरांनी माल उचलणे थांबवले आणि १ जून २००९ रोजी गेनमारनेही दिवाळखोरीचा आश्रय घेतला. काही साच्यांनी दहा वर्षांत तिसरा धनी पाहिला.

या कथेचा उत्तरार्ध तुलनेसाठी महत्त्वाचा आहे. बॉम्बार्डियरपासून वेगळ्या झालेल्या बीआरपी कंपनीने २७ मे २०२० रोजी इव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले. एकशे अकरा वर्षांचे नाव थांबले. डीलरांना धक्का बसलाच. पण या वेळी कंपनीने सुट्या भागांचा पुरवठा चालू ठेवण्याचे आणि हमी पाळण्याचे सांगितले, आणि आपल्या होड्यांसाठी प्रतिस्पर्धी मर्क्युरीची इंजिने घेण्याचा करारही केला. एकच नाव वीस वर्षांच्या अंतराने दोनदा संकटात सापडले. पहिल्या वेळी धनी कोसळला आणि शब्द वाऱ्यावर गेला. दुसऱ्या वेळी धनी उभा होता आणि त्याने दुकान आवरताना शब्दाची व्यवस्था लावली. नाव टिकणे आणि शब्द टिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण.

मग टिकून राहिलेल्या डीलरांनी काय केले? पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी एकाच कारखान्याच्या खुंटीला सर्व संसार टांगला नाही. दोन-तीन कारखान्यांचा माल ठेवला. दुसरी म्हणजे दुरुस्तीची शेड जपली. नवी होडी विकली जात नाही त्या वर्षी जुनी होडी दुरुस्तीला येते, म्हणून मंदीत दुकानाला मागच्या शेडने जगवले. तिसरी म्हणजे कागद जपले. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक होडीवर बारा अक्षरांकांची ओळखखूण असते आणि तिची पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची असतात. धनी किती का बदलेनात, ही खूण होडीच्या अंगावर राहते. तिच्यावरून कोणत्या वर्षी कोणाच्या कारखान्यातून होडी निघाली आणि तिला कोणता भाग बसेल, हे जाणणारा डीलर नव्या धन्यालाही हवासा वाटतो. चौथी म्हणजे करारातील बारीक अक्षरे वाचली. कारखाना विकला गेल्यास पडून राहिलेला माल कोण परत घेणार, हे आधीच लिहून घेतले. मोटारविक्रेत्यांना तेथील राज्यांच्या कायद्यांनी जेवढे संरक्षण दिले आहे तेवढे होडीविक्रेत्यांना सर्वत्र नाही. म्हणून ही काळजी ज्याची त्याला घ्यावी लागते. काही डीलरांनी तर बाजूच उलटवली. अनेक दुकाने एकत्र येऊन १९९८ साली उभी राहिलेली मरीनमॅक्स ही कंपनी २०२१ मध्ये स्वतः क्रूझर्स आणि इंट्रेपिड या कारखान्यांची धनी झाली. जावयाने सासुरवाडी विकत घ्यावी तसा हा प्रकार.

मोठ्या कंपन्यांच्या या गजबजाटात एका लहान कारखान्याची कथा मला अधिक मोलाची वाटते. सँडी डग्लस यांनी १९५७ साली ‘फ्लाइंग स्कॉट’ नावाची एकोणीस फुटी शिडाची होडी रचली. तिचा कारखाना मेरीलँडच्या डोंगराळ भागात आहे. डग्लस यांच्यानंतर तो त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एरिक आमान यांच्याकडे आला आणि पुढे तेथेच काम शिकलेल्या हॅरी कार्पेंटर यांच्याकडे. येथे धनी बदलला तो हातावरून हातावर. ज्याने राळ कालवली, साचा घासला, ग्राहकाची तक्रार ऐकली, तोच मालक झाला. जुन्या होडीचा मालक सुकाणूच्या एखाद्या भागासाठी पत्र पाठवतो तेव्हा ते वाचणाऱ्याला तो भाग ठाऊक असतो. हिशेबाच्या वहीत ‘पत’ म्हणून जी रक्कम मांडतात तिचा उगम अशा ठिकाणी असतो.

दुसरी कथा करेक्ट क्राफ्ट या फ्लॉरिडातील कारखान्याची. मेलून कुटुंबाने १९२५ साली तो सुरू केला. १९५७ साली त्यांना अमेरिकी लष्कराकडून तीन हजार होड्यांचे काम मिळाले. कंपनीच्या इतिहासात नोंद आहे ती अशी की, तपासनिसांना लाच देण्याचे कुटुंबाने नाकारले, शेकडो होड्या नापसंत ठरवण्यात आल्या आणि १९५८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला. न्यायालयात तडजोड झाली आणि बहुतेक धनकोंनी अल्प रक्कम घेऊन पावती दिली. कायद्याने विषय संपला. मेलून कुटुंबाने मात्र तो संपला असे मानले नाही. पुढील कित्येक वर्षे ते जुन्या धनकोंना, काहींच्या वारसांना, शोधून उरलेली रक्कम देत राहिले. हे काम १९८४ पर्यंत चालले. ‘ऋण काढून सण’ करणारे आपण पुष्कळ पाहतो. फिटलेले ऋण पुन्हा फेडणारे विरळा.

शब्द सांभाळणारा आणखी एक घटक आहे, तो म्हणजे होडी वापरणारे. ब्रूस कर्बी यांनी रचलेली ‘लेझर’ ही एका माणसाची शिडाची होडी १९७१ मध्ये विक्रीस आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये गेली. तिचे वैशिष्ट्य एकच : जगात कोठेही बांधली तरी ती सारखीच असली पाहिजे. बांधण्याचे आणि नावाचे हक्क मात्र प्रदेशवार वेगवेगळ्या कंपन्यांकडे विभागलेले होते आणि त्यांच्या धन्यांत फेरबदल होत गेले. कर्बी आणि एक प्रमुख उत्पादक यांच्यात न्यायालयीन लढाई झाली. २०१९ मध्ये कारखान्याच्या पाहणीवरून वाद होऊन खलाशांच्या संघटनेने त्या उत्पादकाशी असलेला करार संपवला. ‘लेझर’ हे नाव त्या उत्पादकाकडे असल्यामुळे संघटनेने होडीचे नाव बदलून ‘इल्का’ असे ठेवले आणि नव्या बांधणाऱ्यांना मान्यता दिली. क्रिसक्राफ्टच्या वेळी ते नाव राहिले आणि तिचे बांधणारे बदलले. येथे ती नाव राहिली आणि ते नाव गेले. अनेक वर्षे जुन्या नावाखाली पैसे ओतणाऱ्या डीलरांना यातून त्रास झालाच. पण शर्यत थांबली नाही, कारण मोजमापाचा शब्द खलाशांनी आपल्या हाती ठेवला होता.

मित्रहो, हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे कोणी म्हणू नये. गोव्याने धनी बदलताना पाहिलेले आहेत. सेझा गोवा ही कंपनी इटालियन मालकीतून १९९६ साली जपानच्या मित्सुईकडे गेली आणि २००७ साली वेदान्तकडे. २००९ मध्ये त्याच कंपनीने धेंपो समूहाचा खाणव्यवसाय घेतला. खनिज वाहणाऱ्या बार्ज ज्यांनी कर्ज काढून घेतल्या होत्या त्यांचे भवितव्य अशा दूरच्या बैठकांवर अवलंबून होते. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा नदीत उभ्या राहिलेल्या बार्ज आपण पाहिल्या. बार्जमालकाची आणि त्या तलावाकाठच्या डीलरची स्थिती फारशी निराळी नव्हती : दोघांच्याही अंगणात कर्जावरची नौका आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती.

याच भूमीत याची दुसरी बाजूही आहे. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस या लहानशा कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता. त्याच कारखान्याची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५ मध्ये दोघींना घेऊन जगाला वळसा घालून आली. दक्षिण महासागरात लाटा डोक्यावरून जात असताना खलाशाला मालकीचा कागद उपयोगी पडत नाही. कोणी तरी दिवाडीत बसून राळेचा प्रत्येक थर नीट दिला होता, एवढाच आधार असतो.

म्हणून मला आजच्या विवेचनातून एकच गोष्ट सांगावयाची आहे. मालकी ही विकण्याची वस्तू आहे आणि ती विकली जाणारच. त्याबद्दल हळहळून उपयोग नाही. कित्येकदा नवा धनी आला म्हणूनच कारखाना जगला आहे. पण विक्रीखतात शब्दाची नोंद नसते. तो शब्द साच्याबरोबर जात नाही, नावाबरोबर जात नाही. तो ज्याने दिला आणि ज्याने पाळला त्यांच्याबरोबर राहतो. शहाणा धनी कारखाना घेतल्यावर पहिल्या महिन्यात डीलरांच्या दारी जातो, जुनी बिले मागवतो आणि जुन्या कारागिराला थांबवून घेतो. कारण आपण विकत घेतलेले नाव ज्यांनी मोठे केले त्यांची नावे कोणत्याही दस्तऐवजात नाहीत, हे त्याला कळते.

शाळेच्या प्रांगणात हे सांगण्याचे प्रयोजन वेगळे सांगायला नको. संस्थांचीही मंडळे बदलतात, इमारती बदलतात, कधी नावे बदलतात. शाळेने पालकांना एक शब्द दिलेला असतो आणि तो रोज सकाळी वर्गात उभा राहणारा शिक्षक पाळत असतो. माजी विद्यार्थी हे त्या शब्दाचे साक्षीदार आहेत. व्यवस्थापनाला प्रश्न विचारण्याचा आणि अडचणीच्या वर्षी पदरमोड करण्याचा, असे दोन्ही अधिकार त्यांना या साक्षीने मिळतात. आपण ते दोन्ही बजावाल अशी आशा व्यक्त करतो.